केसाएवढ्या वाटा, थेंबभर रक्त

मित्रांनो, माझे वय झाले. आता मला कोणी कामाला लावत नाही, पण मान मी अजून ताठच ठेवते. मी बोटाच्या दोन पेरांएवढी चिप आहे: खाली काच, वर पारदर्शक रबर, पोटात केसाएवढ्या बारीक वाटा. लिहिणेवाचणे मला येत नाही. रक्ताचा थेंब तेवढा वाचता येतो.

व्होलॉस शहरातल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तिथल्या तंत्रज्ञ एव्हान्थियाबाईंनी मला घडवले. पाकासारखा दाट रस साच्यावर ओतला, ओव्हनमध्ये भाजला आणि अलगद सोलून काचेवर बसवला. शेजारी कपाटाएवढे यंत्र होते. ते नळीभर रक्त प्यायचे आणि उत्तराला अर्धा दिवस लावायचे. मला थेंब पुरे. माझ्या अरुंद वाटेत रक्ताची आणि तपासणीच्या रसायनाची गाठ चटकन पडते; दहा मिनिटांत निकाल. उगाच ढेरी वाढवून काय मिळवायचे?

एकदा नऊशे ग्रॅमचे बाळ आले, दिवस भरण्याआधी जन्मलेले. संसर्गाची शंका होती. टाचेतून जेमतेम थेंब निघाला. कोवळा डॉक्टर स्त्रातोस, त्याने घाईघाईत तो माझ्यात सोडला आणि वाटेत हवेचा बुडबुडा अडकला. रक्त जागीच थांबले.

“जोरात दाबतो, निघेल,” तो म्हणाला.

“दाब की,” बाई म्हणाल्या. “चिप फुटली तर दुसरी देईन मी. रक्त कुठून आणशील, मिशीतून?”

“तोवर गोठेल ना, बाई.”

“न गोठायचं औषध आधीच लावलंय. कॉफी पी आणि गप बस.”

बाईंनी माझे बाहेरचे भोक खुंटीने बंद केले आणि मागून अगदी हलका दाब दिला. माझे रबर रक्त अडवते, हवेला मात्र जाऊ देते. बुडबुडा आक्रसत आक्रसत दिसेनासा झाला. खुंटी निघाली, थेंब पुढे सरकला आणि टोकाची रेघ उजळली. संसर्ग होता, पण नुकताच लागलेला.

“जा, औषध सुरू कर,” बाई म्हणाल्या. “आणि मिशीवरचा कॉफीचा फेस पूस. बाळाची आई घाबरेल.”

तीन महिन्यांनी ती आई बिस्किटांचा डबा घेऊन आली. कडेवर बाळ, आणि बाळाचा आवाज असा की खिडक्या थरथरल्या. कपाटाएवढ्या यंत्राकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

माझ्या बहिणी एका कामानंतर टाकून दिल्या जातात. मला बाईंनी धुऊन खणात ठेवले. आता वर हातमोज्यांचा ढीग आहे. असू दे. मित्रांनो, मागणे एकच: ज्याच्यापाशी थोडेच आहे, त्याच्याकडून थेंबभरच घ्या. आणि घेतलात, तर तो वाया घालवू नका.