उशीच्या उंचीवरून

“फोटो नंतर बघ. आधी काढणारा कुठे उभा आहे ते बघ,” बाबा सांगायचे, आणि ती “हो, कळलं” म्हणत अल्बमचं पान उलटायची.

आज बाळाला खांद्यावर थोपटत तिने एका हाताने बाबांचा रोजचा फोटो उघडला. त्यांच्या घरासमोरच्या जुन्या वाचनालयाच्या माथ्याजवळच्या तीन दगडी कमानी, त्यांवर शिरीषाच्या फांद्यांची जाळीदार सावली. जुन्या इमारतींच्या फोटोंच्या व्हॉट्सअॅप गटावर बाबांच्या गावातले आठदहा जण “वा, काका!” म्हणून मोकळे झाले होते. तिनेही आठवडाभर असंच काही लिहिलं होतं: खालून घेतल्यामुळे कमानी काय उंच वाटतात!

तिने फोन लावला.

“बाबा, आवाज का बसलाय?”

“सकाळपासून कोणाशी बोललो नाही म्हणून. तू कधीपासून डॉक्टरीण झालीस?”

“बाहेर पडता ना?”

“फोटो येतोय ना रोज? पिल्लाला झोपव, जा.”

फोन ठेवला गेला. लहानपणी याच कमानींसमोर बाबा तिला खांद्यावर बसवून कॅमेरा तिच्या हातात द्यायचे. निवृत्तीपर्यंत इमारतींचे नकाशे काढणारा माणूस. कमान तिरकी आलेली त्यांना खपायची नाही. “खालून काढलं की इमारत मागे कलंडते, चिऊ,” म्हणत तिचे पाय घट्ट धरून ठेवायचे.

बाळ झोपलं. त्याला पलंगावर ठेवून तीही आडवी झाली. खिडकीतून समोरची गच्ची तेवढी दिसत होती, आणि खाली खिडकीच्या कठड्याची धूसर कड.

मग तिने फोन उघडून गेल्या आठ दिवसांचे फोटो एकेक करून पाहिले. प्रत्येकात खाली तशीच धूसर पट्टी, कठड्याची. प्रत्येकात कमानी किंचित मागे कललेल्या.

तिने पुन्हा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. बाबांचे शेजारी महिन्यासाठी लेकीकडे गेले होते. इथून निघालं तरी पोचायला उद्याची सकाळ. नवऱ्याला तिने एवढंच सांगितलं, “बॅग काढ.” मग फोटोखाली लिहायला घेतलं.

“हा फोटो बाबांनी पलंगावर पडल्यापडल्या काढलाय. आठवडाभराचे सगळेच. वाचनालयासमोर, दुसरा मजला, डावीकडचं दार. तुमच्यापैकी जो कोणी जवळ असेल, त्याने आत्ता वर जाऊन बघा. दार उघडायला वेळ लागेल, लगेच परत फिरू नका. आतून ‘मी ठीक आहे’ म्हणतील. तरी आत जा.”