जेलीचा तोल

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पाट आहे. माणूस मी चेहऱ्यावरून नाही, भारावरून ओळखतो. खोटं हसता येतं, पण पाटावर खोटं बसता येत नाही.

दिल्लीच्या करोल बागेतल्या एका पंजाबी सुताराने मला घडवलं. पाट कशाशी खातात हेच त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी गुणवंतरावांनी त्याच्या दुकानातच मांडी घालून दाखवली, तेव्हा त्याला उंची कळली. पुढे लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गुणवंतराव कित्येक वर्षं माझ्यावर बसून जेवले. जेवणाआधी ते ताटाभोवती पाणी फिरवत आणि उजवीकडे भाताची तीन शितं ठेवत. याला चित्राहुती म्हणतात. एक शीत चित्राला, एक चित्रगुप्ताला, एक यमाला. काही घरांत पाच ठेवतात, गुणवंतराव तीनच ठेवत.

यमाला रोज जेवू घातलं, पण यमाने काही भीड ठेवली नाही. निवृत्तीनंतर आम्ही फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये आलो आणि त्यांना कंपवाताने गाठलं. मान डोलायची, हात थरथरायचा आणि ती थरथर माझ्या फळीत उतरायची. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांची पत्नी प्रभाताई सुनेच्या टेबलावर जेवू लागल्या आणि मला फ्रिजमागे उभं केलं गेलं. उभा केलेला पाट म्हणजे कामातून गेलेला पाट. मी झुरळांच्या सोबतीने दिवस काढले.

मग मे महिन्यात सून नीरजा आणि नात इशिता यांनी प्राण्यांच्या निवाऱ्यातून एक मांजर आणली. आधीच्या दोन घरांनी तिला परत पाठवलं होतं. आईच्या पोटात असतानाच तिच्या मेंदूचा एक भाग नीट वाढला नव्हता. पाय फाकायचे, डोकं झुलायचं, चार पावलांत ती दोनदा पडायची. डॉक्टर म्हणाले, हिला दुखत नाही, हे वाढणार नाही आणि बरंही होणार नाही. इशिताने तिचं नाव ठेवलं जेली. तिला खाली वाकून खाता येईना, म्हणून वाटीखाली ठेवायला नीरजाने मला बाहेर ओढलं.

"अगं, ताट द्यावं, पाट देऊ नये म्हणतात," प्रभाताई पुटपुटल्या.

"आई, मांजर आहे ती. तिच्यासाठी वाटीच तर ठेवायचीय."

जेलीने पुढचे पाय माझ्यावर टेकले आणि मी दचकलो. तीच थरथर होती. तोच ठेका.

सकाळ-संध्याकाळ नीरजा तिला भरवायची, तेव्हा सगळं ठीक असायचं. शाळेला सुट्टी होती, म्हणून दुपारचं काम इशिताकडे होतं. बाहेर लूचा गरम वारा वाहायचा, पडदे ओढलेले असायचे. बरोबर साडेबाराला, गुणवंतरावांच्या जेवणाच्या वेळी, जेलीच्या तोंडून भाताची शितं सांडायची. वाटीच्या उजवीकडे. तीन. प्रभाताई स्वयंपाकघराच्या दारातून बघायच्या आणि पाठ फिरवायच्या.

आठव्या दिवशी त्या नीरजाला म्हणाल्या, "हिला परत पाठव. ती डोलणारी मान मला पुन्हा बघवत नाही."

इशिता रडली. "आजी, प्लीज यार! आता परत गेली तर तिला कुणीच नाही घेणार. ती हमेशा पिंजऱ्यातच राहील."

प्रभाताई बधल्या नाहीत. निवाऱ्याच्या माणसांनी रविवारी यायचं ठरलं. मलाही भीती वाटत होती, तरी तिने जाऊ नये असं वाटायचं. कुणीतरी पुन्हा माझ्यावर भार टाकत होतं ना!

शनिवारी दुपारी इशिताने स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि जेलीला त्यावर ठेवलं.

"हे काय गं?"

"मम्मा म्हणाली होती ना, खाताना तिचा तोल सांभाळ. मी डेली तोलते, आजी. वजन बिल्कुल कमी नाही झालं."

प्रभाताईंनी कपाळावर हात मारला. "अगं वेडाबाई, तोल म्हणजे वजन नव्हे! तोल म्हणजे तुमचं ते बॅलन्स. खाताना तिला दोन्ही बाजूंनी धरायचं, पडू नये म्हणून. म्हणजे इतके दिवस दुपारी तिला कुणी धरलंच नाही?"

त्यांना हसू आलं. एवढंच होतं तर! आपण उगाच भुताखेताला भ्यालो! गुडघे कुरकुरत असतानाही त्या खाली बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी जेलीला हात लावला. दोन्ही बरगड्यांपाशी घट्ट धरलं. थरथर ओसरली, डोकं स्थिर झालं.

"बघितलंस? आता नाही सांडणार."

जेलीने वाटीत तोंड घातलं. मग मान न हलवता, न चुकता, तिने एक शीत उजवीकडे ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं.

"आजी..." इशिता कुजबुजली.

माझ्यावर मांजरीचे दोन पंजे होते, पण माझी फळी करकरली. मांडी घालून बसलेल्या माणसाचा भार मला कळणार नाही का? तो मला कळला. प्रभाताईंनी हात काढले नाहीत.

"शेवटी शेवटी तुमचं सांडायचं, तेव्हा मी नुसती ओरडले," त्या मांजरीला म्हणाल्या. "धरलं कधीच नाही." त्यांचे डोळे वाहत होते. मग त्या म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या."

जेलीने वाटी चाटूनपुसून साफ केली. प्रभाताईंनी स्वतः फोन करून निवाऱ्याच्या माणसांना येऊ नका म्हणून सांगितलं.

मित्रांनो, मी लाकूडच, मला फारसं काही कळत नाही. पण तुमच्या घरात कुणी थरथरत असेल, सांडत असेल, पडत असेल, तर फडकं आणायला धावू नका. आधी त्याला दोन्ही हातांनी धरा. ते कोण आहे, हे विचारत बसू नका.