नियम बदलणारे पत्ते

मी पत्त्यांचा जोड बोलतोय. माझ्यात राजा नाही, राणी नाही. नुसते रंग, आकार आणि त्यांची संख्या. छापखान्यातून निघालो तो थेट मनोविकारांच्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर. माणसं माझ्याकडे संशयानेच बघतात. रास्त आहे. मी फसवतोच.

समोरच्याने पत्ते जुळवायचे, पण कशावरून ते त्याला सांगायचं नाही. बाई फक्त "बरोबर" किंवा "चूक" म्हणतात, आणि मध्येच गुपचूप नियम बदलतात.

एकदा एक शिवणकामवाली आली, सोबत थोरला भाऊ. दुकान त्याचं, कापड बेतायचं काम हिचं. हिने एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या होत्या.

"अंग चोरते हो," भाऊ म्हणाला.

तिने रंगावरून पत्ते छान लावले. मग नियम बदलला. "चूक." पुन्हा रंगच. "चूक." पुन्हा रंगच.

"मघाशी हेच बरोबर होतं! तुम्ही मला फसवताय." ती रडवेली झाली, तरी हात रंगाकडेच जात राहिला.

"बघा, मुद्दाम करतेय," भाऊ म्हणाला.

"मुद्दाम नाही. नैराश्यात मन खचतं, तसं आखणं, ठरवलेलं बदलणंही अडतं." बाईंनी मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी गोळी लिहून दिली. "पण गोळीने सगळंच सुटेल, असं वचन देत नाही."

काही महिन्यांनी ती हसत आली. भावाचं तोंड मात्र आंबट. "जेवते, हसते, आणि कापड तसंच वाया घालवते. म्हणजे माझा संशय खराच!"

"दादा, रडू थांबलं रे. पण आधी माप की आधी खडू, इथेच घोडं अडतं."

"हिला एका वेळी एकच काम सांगत जा," बाईंनी त्याला बजावलं. त्याने मान हलवली. पटलं नव्हतं, हे मलाही दिसलं.

पुढच्या खेपेला "चूक" ऐकताच तिचा हात हवेतच थांबला. डोळे बारीक करून म्हणाली, "तुम्ही नियम बदललात." आणि आकारावरून पत्ता लावला.

आता बाईंनाच शंका. "सुधारली, की माझा खेळ पाठ झाला?" त्यांनी भावाकडे पाहिलं.

तो म्हणाला, "काल गिऱ्हाइकाने ऐनवेळी कॉलर बदलून मागितली. मी वैतागलो. हिने खडू पुसला नि दुसरी आखली." मग खाली बघत म्हणाला, "मी चोरून बघत होतो. चुकेल म्हणून."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "आरशात दिसत होतास."

माझे कोपरे आता झिजलेत. लवकरच नवा जोड येईल. जाता जाता एवढंच सांगतो: माझ्यावर खुशाल संशय घ्या, मला तो सोसतो. ज्याचा हात अडलाय, त्याच्यावर घेण्याआधी जरा थांबा.