पाटीवरची अंडी

“या घरात माणसांनी कुठून चालायचं, ते एकदा माशांना विचारून सांगा म्हणजे झालं,” मुलगी पुटपुटली. दवाखान्यातली रात्रपाळी करून आलेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि बोळात ठेवलेल्या शिलाई मशीनचा कोपरा नेमका गुडघ्यात बसलेला. आई मशीनवरच बसली होती, त्यामुळे ते पुटपुटणं थेट तिच्या कानातच पडलं. तिने पाय आत ओढून लेकीला वाट करून दिली. उत्तर दिलं असतं तर ते पुढच्या खोलीत ऐकू गेलं असतं.

पुढच्या खोलीत तिचा नवरा माशांच्या टाकीसमोर स्टूल टाकून बसला होता. आयुष्यभर त्याने छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचाच पगार घ्यायचा, असलं सुख फार कमी लोकांच्या वाट्याला येतं, असं ती थट्टेने म्हणायची. पुढे छापखाना बंद पडला आणि चुका तशाच राहू लागल्या. मग त्याने सगळी नजर माशांवर लावली. एंजल मासे. ताटलीसारखे चपटे, अंगावर काळे उभे पट्टे, वरखाली लांब पंख, आणि चालीत असा तोरा की पाण्यावर उपकारच करतायत.

या माशांची गोम अशी की नर कुठला आणि मादी कुठली, हे वरून कळत नाही. भल्याभल्यांना कळत नाही. तिच्या नवऱ्याला सगळे भाऊ म्हणत, आणि भाऊंना कळतं, असा त्याचा लौकिक झाला होता. हौशी लोक पिशवीत, बरणीत मासे घालून आणायचे. हा पिशवी खिडकीच्या उजेडात धरायचा, चष्मा कपाळावर चढवायचा, चांगला वेळ घ्यायचा आणि मग निकाल द्यायचा. निकाल बहुतेक वेळा बरोबर निघायचा. रविवारी सकाळी चारचौघं जमायची, मासेवाला दुकानदार असायचा, गाडी चालवायला शिकवणारा एक मास्तर असायचा, आणि सगळे ‘भाऊ, जरा हे बघता का?’ म्हणायचे. हे वाक्य ऐकल्यावर त्याचे खांदे कसे सरळ होतात, ते तिने स्वयंपाकघराच्या दारातून कितीदा तरी पाहिलं होतं.

म्हणून तर पंचाईत झाली.

बोटाच्या पेराएवढे असल्यापासून वाढवलेल्या माशांतल्या दोघांनी टाकीचा एक कोपरा धरला आणि बाकीच्यांना हुसकायला सुरुवात केली, तेव्हा भाऊंनी जाहीर केलं की जोडी जमली. मोठ्या कपाळाचे ते ‘साहेब’ आणि दुसऱ्या ‘मॅडम’. दोघांना वेगळी टाकी मिळाली. टाकीत दगडी पाटी तिरकी उभी केली. दोघांनी ती तोंडाने घासून लख्ख केली आणि तिच्यावर ओळीने अंडी चिकटवली. भाऊंनी सगळ्यांना बोलावून दाखवली. मग अंडी पांढरी झाली, त्यांना कापसासारखी बुरशी धरली, आणि पुढचं काम साहेब आणि मॅडमनी खाऊन उरकलं.

पहिल्यांदा दोष पाण्याचा निघाला. मग बादल्या भरून शिळं पाणी ठेवायची पद्धत सुरू झाली आणि घरात अंघोळीला बादली मिळेना. त्यानंतर दोष उजेडाचा, पुढे हवेच्या पंपाचा. शेवटी तो तिच्या मशीनवर येऊन थांबला. “तुझ्या मशीनची धडधड पाण्यात उतरते,” तो म्हणाला, रागाने नव्हे, अगदी समजुतीने. ते तिला जास्त लागलं. खिडकीखालची तिची इतक्या वर्षांची जागा गेली आणि मशीन बोळात आलं. बोळात दिवसाही दिवा लावावा लागे. पडद्यांच्या कडा तिरक्या जाऊ लागल्या. तिने आयुष्यात कधी तिरकी शिवण दिली नव्हती.

आणि अंडी तरीही पांढरीच.

एका दुपारी तो पाण्याच्या बादल्या भरत होता आणि ती हाताने काज-बटणं करायला उजेडासाठी टाकीजवळ बसली होती. मॅडम पाटीला पोट घासत वर गेल्या, मागे अंड्यांची माळ उमटली. चांगलं झालं. मग साहेब त्याच वाटेने वर गेले, आणि साहेबांच्या मागेही माळ उमटली. दाताखाली धरलेला दोरा तसाच राहिला. ती काचेला नाक लावून बघू लागली. अंडी घालताना माशाच्या पोटाखाली एक बारीक नळी उतरते. नराची पेन्सिलीच्या टोकासारखी, मादीची बोथट आणि जाड. हे तिने याच घरात, नवऱ्याच्याच तोंडून, रविवार-रविवार ऐकलं होतं. साहेबांची नळी चांगली बोथट होती.

तो बादली घेऊन आला, पाटी बघितली आणि त्याचा चेहरा फुलला. इतकी अंडी कुणाच्या जोडीने घातलेली बघितली आहेस का, म्हणून विचारू लागला. तिने बघितली नव्हती. दोघी मिळून घालत होत्या, कमी कशी पडतील?

लेकीला सांगायला गेली, तर लेक म्हणाली, “आई, मी नर्स आहे. मला केव्हाच कळलंय.” दुकानदाराला ठाऊक होतं. मास्तरालाही ठाऊक असावं, कारण तो अलीकडे साहेबांच्या पंखांचीच तेवढी स्तुती करायचा. शिकाऊ माणूस खांबाकडे निघाला तरी शेवटपर्यंत गप्प बसायची त्याला सवयच होती. सगळ्यांचे नर-मादी ओळखून देणाऱ्या माणसाला त्याच्याच टाकीतलं सांगायचं कुणी? जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता.

त्यानंतरची अंडीही गेली. भाऊंनी ब्लेडने पाटी खरवडली, धुतली आणि पुसून कपाटावर ठेवली. रविवारी मंडळी आली तेव्हा तो पांघरूण घेऊन पडला होता. ताप आहे म्हणून सांग, म्हणाला. कपाळ गार होतं. मंडळी दारातूनच परत गेली. दुसऱ्या दिवशी तो तिला म्हणाला की टाक्या कुणाला तरी देऊन टाकू, माझ्या हाताला यश नाही.

ती पिशवी घेऊन बाहेर पडली ती सरळ मासेवाल्याकडे.

“वहिनी, मी सांगणारच होतो,” तो मान खाली घालून म्हणाला.

“तुम्ही काही सांगू नका. मला नर दाखवा. खात्रीचा. आणि हुबेहूब आमच्या साहेबांसारखा.”

त्याने पुढे केलेले पहिले काही तिने परत पाठवले. याचा पट्टा अरुंद, त्याचा रंग उतरलेला. कापडाला दोरा जुळवण्यात तिची हयात गेली होती, तिला ‘जवळपास’ चालत नसे. शेवटी एक जुळला. नवरा चष्म्याची काडी बसवून घ्यायला गेला त्या दिवशी तिने पिशवी टाकीत तरंगत ठेवली, आतलं आणि बाहेरचं पाणी हळूहळू एक केलं, नवा साहेब सोडला आणि जुना जाळीत धरला. जुन्या साहेबांना दुकानदाराने त्याच्याकडच्या मोठ्या टाकीत ठेवलं. ही बाई विकायची नाही, असं त्याने आपण होऊन सांगितलं.

घरी मात्र मॅडमना नवं स्थळ पसंत नव्हतं. त्यांनी साहेबांना टाकीभर पळवलं, पंखाचं टोक फाडलं. भाऊ स्टूल ओढून बसला. बराच वेळ बसला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“साहेब उतरल्यासारखे वाटतात का गं?” त्याने विचारलं.

ती म्हणाली, भांडण झालं असेल. तो बरं म्हणाला. त्यानंतर दोघांपैकी कुणीच तो विषय काढला नाही. चार दिवसांनी ती बाजारातून आली तर मशीन खिडकीखाली जुन्या जागी होतं. बोळात फार अंधार आहे, डोळे जातील, एवढंच तो म्हणाला आणि वर्तमानपत्रात तोंड घालून बसला. तिला बरं वाटलं. त्यात आणखी काही असेल, असं तिच्या मनात आलं नाही.

मॅडम हळूहळू निवळल्या. पुन्हा पाटी घासली गेली, पुन्हा माळा उमटल्या. या खेपेला मॅडमच्या मागून साहेब नुसते फिरले. ती मशीन चालवता चालवता मान वळवून बघत होती, आणि मशीनची धडधड खुशाल पाण्यात उतरत होती. अंडी मधाच्या रंगाचीच राहिली. मग प्रत्येकात काळा ठिपका दिसला. मग पाटीवर शेपट्यांची नुसती वळवळ सुटली. आणि एके सकाळी पाटी रिकामी होती, आणि साहेब-मॅडमच्या मध्ये पाण्यात धूळ उडाल्यासारखा पिल्लांचा ढग तरंगत होता.

पिल्लांना जिवंत खाऊ लागतो. मिठाच्या पाण्यात उलट्या बाटलीत हवा सोडून ती डोळ्यांना जेमतेम दिसतील असे जलजीव उबवू लागली. ठरल्या वेळी शिवण टाकून उठायची, ते गाळून, धुऊन थेंबाथेंबाने सोडायची. खाल्लं की एकेका पिल्लाचं पोट नारिंगी व्हायचं. टाकीभर नारिंगी टिंबं. लेक रात्रपाळीहून आली की चप्पल काढायच्या आधी टाकीशी जायची आणि ‘सगळे जेवले का’ म्हणून विचारायची. इतकं नेटकं काम आपल्या हातून झालेलं बघून आई स्वतःवरच खूश होती, आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं एवढंच काय ते दुःख.

पिल्लांना एंजलचा आकार आला, बारीक पंख फुटले, तेव्हा भाऊंनी रविवारी सगळ्यांना बोलावलं. दुकानदार आला, मास्तर आला, आणखी दोघे-तिघे आले. काचेवर नाकं टेकली. इतकी एकसारखी, इतकी तरतरीत पिल्लं त्यांच्यापैकी कुणाच्याच घरी झाली नव्हती. मास्तर म्हणाला, साहेबांनी शेवटी करून दाखवलं. दुकानदार एकदम जमिनीकडे बघू लागला. तेवढ्यात नवखा एक जण, ज्याला काहीच ठाऊक नव्हतं, त्याने सरळ विचारलं, “भाऊ, या वेळी बदललं काय? पाणी?”

ती चहाचे कप घेऊन दारात उभी होती. लेकीने तिच्या हातातला ट्रे खालून धरला. मास्तर पंखांबद्दल काहीतरी बोलायला लागला, पण भाऊंनी हात वर करून त्याला थांबवलं.

“पाणी तेच आहे,” तो म्हणाला. “साहेब बदलले. तिसरा पट्टा खाली किंचित वळतो, आधीच्यांचा सरळ होता. स्वल्पविराम हलला तरी मला दिसायचा. माझ्या टाकीतला मासा बदललेला मला दिसणार नाही?”

त्याने चष्मा काढला आणि दाराकडे बघितलं. खांदे सरळ होते, नेहमीपेक्षाही.

“मी तिच्या मशीनला दोष दिला. ती एक अक्षर बोलली नाही, जाऊन नर घेऊन आली. ही पिल्लं तिची आहेत, नीट बघून घ्या. आणि आता तुम्ही सगळे जे गिळून बसला आहात ना, ते मीच बोलतो. माझी पहिली जोडी म्हणजे दोन्ही माद्या होत्या.”