चौदा महिन्यांपूर्वीचा पाय

मी कॅलिपर बोलतोय, खिळ्यावरून. दोन सळ्या, चार चामडी पट्टे आणि खाली एक बूट, एवढाच माझा देह. एका पोरीचा डावा पाय ताठ उभा राहावा म्हणून मला बनवलं. त्या पायात मी जेमतेम पाच दिवस होतो.

ती पाच वर्षांची असताना कारागिराने तिचा पाय मांडीपासून पावलापर्यंत कागदावर ठेवून पेन्सिलीने कड काढून घेतली. तो कागद सरकारी विम्याच्या मंजुरीला गेला आणि चौदा महिने या टेबलावरून त्या टेबलावर लोळत राहिला. पेन्सिलीची रेघ जागची हलली नाही. पोर थोडीच थांबते?

मंजुरी आली तेव्हा कारागिराने कचेरीत फोन केला, पोर वाढली असेल, नवं माप घेऊ का म्हणून. माप बदललं तर अर्ज पहिल्यापासून, असं उत्तर मिळालं. मग त्याने मान खाली घालून जुन्याच रेघेवर मला ठोकलं. पट्ट्यांना दोन भोकं जास्तीची पाडली, एवढंच त्याचं बंड.

वाटपाला पोरीबरोबर तिची आई आणि आजोबा आले. आजोबांची हयात कारकुनीत गेलेली. शिक्का दिसला की पाठ आपोआप वाकते. तिथली रीत अशी, की सही आधी, वस्तू नंतर. पावतीवर छापलेलंच होतं, 'साधन घालून पाहिले, व्यवस्थित बसते.'

आई म्हणाली, "बाबा, आधी घालून तर बघू."

"चार माणसांत शोभा करू नकोस. साहेब खोळंबलेत," म्हणत आजोबांनी सही ठोकली. वळणदार, सुरेख.

शाळेच्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, आधाराने का होईना, उभी राहायला लागली की आणा. म्हणून घरी पोचल्यावर लगेच सराव सुरू झाला. बुटात तिची बोटं दुमडली. माझा गुडघा तिच्या गुडघ्याच्या दोन बोटं खाली आला. तरी टेबल धरून ती उभी राहिली आणि आकडे म्हणत बारापर्यंत पोचली. दुखतंय म्हणाली नाही. पाचव्या दिवशी मोजा रक्ताने चिकटला, तेव्हा आईला कळलं.

आई कचेरीत गेली. तिथल्या बाबूने पावती पुढे सरकवली. "तुम्हीच लिहून दिलंय, व्यवस्थित बसतं. आता तीन वर्षांनी या."

तेव्हापासून मी खिळ्यावर आहे. शाळा भरते, सुटते. पोर उंबऱ्यात बसून बघते. आजोबा रोज माझ्या सांध्यांना तेल घालतात. चुकलो म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून तेल. मला नको ते तेल. म्हाताऱ्यांनी तोंड उघडायच्या वेळी उघडावं.

आई मात्र दर महिन्याला पुठ्ठ्यावर पोरीचा पाय ठेवून कड काढते. रेघेबाहेर रेघ वाढत चालली आहे. सगळ्यात आतली माझी, मला पुठ्ठ्यावर ठेवून काढलेली. सही करणाऱ्यांनो, मंजुरी देणाऱ्यांनो, एकदा हा पुठ्ठा बघून जा.

काल आजोबांनी तिची टाच धरली होती. कड काढून झाल्यावर पोरीने पेन्सिल त्यांच्या हातात दिली आणि साध्या आवाजात म्हणाली, "आजोबा, सही करा. पण आधी बघा हं."

आजोबा आतल्या रेघेपासून बाहेरच्या रेघेपर्यंत बघत राहिले. पेन्सिल काही टेकली नाही.