खुडूक कोंबडी आणि आम्ही दोघी

खोली दाखवताना आमच्या घरमालकीण सकुमावशींनी पंखा दाखवला, मोरी दाखवली, नळाला पाणी कधी येतं तेही सांगितलं. कोंबडीचं मात्र नाव काढलं नाही. आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात एका सकाळी त्या टोपली घेऊन आत आल्या, माझ्या पुस्तकांचा कोपरा रिकामा केला, टोपलीत पेंढा घातला, अकरा अंडी मांडली आणि वर उबवायला त्यांची तांबडी कोंबडी बसवली.

"खुडूक झालीय. भायेर मांजर फिरतंय. हितं तुमी दोघी हाय, मंग कसली भीती नाय," म्हणाल्या. म्हणजे भाडं आम्हीच द्यायचं आणि राखणही आम्हीच करायची. मला असा राग आला की विचारू नका. पण बोलायची सोय नव्हती.

सोय नव्हती, कारण माझं सगळं त्या खोलीवर अडलं होतं. आमचं गाव मुरबाडच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी. तिथून शहापूरला कॉलेजला यायचं म्हणजे दोन एसट्या, आणि त्यातली पहिली आली तर आली. वर्षभर मी ते केलं. पहिला तास कसा असतो ते मला ठाऊकच नव्हतं. यंदा भांडून, रुसून, जेवणावर राग काढून मी खोली मिळवली. आईची अट एकच. "मी येऊन बगीन. नाय पटलं, तर गाठोडं उचलायचं नि घरी." माझी आई बाईजा एकदा बोलली की बोलली, त्यात बदल नाही.

माझी पार्टनर प्रेमा भातसानगरची. वडील धरणावर नोकरीला, पोरगी वाढली क्वार्टरमध्ये. मनाने सोनं, पण अंडं दुकानातल्या ट्रेमध्ये येण्याआधी कुठे असतं याचा तिने कधी विचार केला नव्हता. कोंबडी बसवली त्याच संध्याकाळी मी लायब्ररीतून आले, तर खोलीत भुर्जीचा घमघमाट. मी आधी पोटभर खाल्लं आणि मग विचारलं, अंडी कुठून आणलीस.

"त्या टोपलीतली," प्रेमा म्हणाली. "कोंबडी दाणे खायला बाहेर गेली होती. चारच घेतली गं, सगळी नाही."

"अगं, ती उबवायला ठेवलीत."

"मला काय माहीत? वर कोळशाच्या रेघा होत्या. मला वाटलं मावशींनी मोजून ठेवलीत, उद्या सांगू."

रेघा असतातच. कोंबडीने मधेच नवीन अंडं घातलं, तर वेगळं ओळखू यावं म्हणून असतात. मी तिला काय काय बोलले ते राहू दे. ती रडली, मग मीही रडले. दुसऱ्या दिवशी आई येणार होती. पोरी घरमालकिणीची अंडी खातात हे तिच्या कानावर गेलं असतं, की माझं कॉलेज परत दुसऱ्या तासापासून सुरू झालं असतं.

मग आम्ही दुकानातून चार अंडी आणली. ती चुन्यासारखी पांढरी आणि टोपलीतली तपकिरी. प्रेमाने कोरा चहा उकळला आणि अंडी त्यात बुडवली. रंग बरा आला, एकाला तेवढे ठिपके पडले. ती अर्धवट शिजलीही असणार, पण तो आता कोंबडीचा प्रश्न होता. कोळसा नव्हता म्हणून रेघा प्रेमाच्या काजळाने मारल्या. अंडी खाली सरकवताना त्या बाईने मला दोनदा चोच मारली, शेवटी मी ताट आडवं धरून हात घातला. सकाळी सकुमावशींनी वाकून बघितलं, कोंबडी अंग फुलवून गुरगुरली आणि "बेस बसलीय" म्हणत त्या गेल्या. आम्ही सुटलो असं आम्हाला वाटलं.

दुपारी आई आली. हातात तांदळाचा डबा, त्यात आमच्यासाठी घरची अंडी खुपसलेली, कारण तांदळात ठेवली की एसटीत फुटत नाहीत. तिने दाराची कडी बघावी म्हणून मी कडीला तेल घातलं होतं. पण सकुमावशींनी तिला धरून सरळ कोंबडीपुढे नेलं आणि आई तिथेच उकिडवी बसली. पोटाखाली हात घातला, तर कोंबडीने हूं की चूं केलं नाही. आईने एक अंडं काढलं, फिरवून बघितलं, हुंगलं. रेघेवर अंगठा घासला. जिभेला लावून परत घासला. कोळशाची रेघ पुसली गेली असती, ही जागची हलली नाही. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला समोर एसटीच दिसायला लागली.

"काय झालं ताई, अंडं बरं नाय का?" सकुमावशींनी विचारलं.

"अंडं झ्याक हाय," आई म्हणाली. "वयनी, वाईच चा टाकता का? एसटीत डोकं धरलंय."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. आई हळूच म्हणाली, "कुणी केलं?"

प्रेमाने वर्गात करतात तसा हात वर केला.

"चात भिजवलं?"

"हो काकू."

"दूध घालून?"

"नाही काकू, कोरा."

"आनि ही रेघ कसली?"

"काजळ आहे. वॉटरप्रूफ."

"आन हिकडं."

आईने डब्यात हात घातला, घरची चार अंडी काढली आणि प्रेमाच्या काजळाने त्यांना रेघा मारल्या. मग चहावाली चारही अंडी शोधून आपल्या पिशवीत टाकली आणि आपली कोंबडीखाली सारली. "कालच बसवली ना? यका दिसाचा फरक पडंल, कोंबडी सांभाळून घेल," एवढंच बोलली. चहा आला तेव्हा ती भिंतीला टेकून पदराने वारा घेत होती आणि आम्ही दोघी उगाच पुस्तकं उघडून बसलो होतो.

तिला स्टँडवर सोडायला गेले, तर ती अंड्यांची पिशवी सांभाळत पुढेच चालली. मुरबाडची गाडी लागली. शेवटी मीच फुगून म्हणाले, "मी नाय येनार घरी. काय करायचं ते कर."

"कोन ये म्हनतंय तुला?" आई म्हणाली. "माझी चार अंडी हायेत त्या बाईच्या कोंबडीखाली. ती फुटंस्तोवर हितून हलायचं नाय. शनवार-रविवारीबी नाय. ती दुसरी पोर परत भुर्जी करंल."

ती चढली, खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घेतली. गाडी निघाली. खोली माझी झाली होती, आईच्या तोंडून झाली होती, आणि मी स्टँडवर उभी राहून लहान पोरीसारखी रडत होते, कारण त्या शनिवारी मला घरी जायचं होतं.