चिमणी माझ्यावर बसायची

मित्रांनो, मी दवाखान्यातलं एक जुनं स्टूल आहे. मला पाठ नाही, हात नाहीत. लोखंडाचे चार पाय आणि वर गोल बैठक, एवढाच माझा संसार. कारखान्यातून मी थेट बायकांच्या वॉर्डात आलो. वाटलं होतं, आजारी माणसाजवळ कुणी ना कुणी बसेलच. पण तिथे सगळेच घाईत. डॉक्टर उभ्याउभ्याच नाडी बघत आणि पुढच्या खाटेकडे वळत. माझ्यावर बसायचा तो औषधांचा ट्रे, नाहीतर कुणाचा तरी ओला टॉवेल.

मग एक नवी डॉक्टरीण आली. भारी बोलकी. मला पायाने ओढून धपकन बसायची आणि विचारायची, "काय मावशी, आज कुणाशी भांडलात?" वॉर्डाने तिचं नाव चिमणी ठेवलं. मोठ्या डॉक्टरांना मात्र हे रुचेना.

"हा दवाखाना आहे, गप्पांचा अड्डा नव्हे," ते एकदा सर्वांसमोर म्हणाले. "डॉक्टरने तोंड कमी आणि डोकं जास्त चालवावं."

ते गेल्यावर ती माझ्यावर येऊन टेकली. मग नर्सबाईंना म्हणाली, "आईसुद्धा म्हणायची, तोंडाला लगाम घाल. माझं क्षेत्रच चुकलं का हो?"

"ते मला नाही ठाऊक," नर्सबाई म्हणाल्या. "पण तुम्ही रजेवर असलात की बायका आम्हाला बोलवायला घंटा जास्त वाजवतात."

त्या दिवसांत कोपऱ्यातल्या खाटेवर एक आजी होत्या. जन्मभर शिवणकाम केलेल्या. चालता चालता चक्कर येऊन पडायच्या. नाडी फार मंद. तपासण्या झाल्या, कारण सापडेना. "औषध कोणतं घेता?" कुणी विचारलं, की "माझं कुठलंच औषध नाही," म्हणून त्या भिंतीकडे तोंड फिरवायच्या. भेटायला कुणी येत नसे. शेवटी छातीत नाडी चालवणारं यंत्र बसवायचं ठरलं.

आदल्या दुपारी चिमणी माझ्यावर येऊन बसली. कोटाचं लोंबणारं बटण दाखवत म्हणाली, "आजी, हे मी स्वतः लावलंय. हसायचं नाही हं."

आजी हसल्याच. "याला शिवणं म्हणतात होय? हा तर सूड उगवलायस कोटावर!"

त्यांनी सुईदोरा मागवला. बटण लावता लावता बोलू लागल्या. आजोबा गेल्याला फार दिवस झाले नव्हते.

"सकाळी चहाबरोबर ह्यांना गोळी द्यायचे मी. आता एकटीचा चहा करते, तरी हात डबीकडे जातोच. उरलेल्या गोळ्या टाकवेनात गं. मग मीच घेते."

चिमणीचं हसू ओसरलं. "कशाच्या गोळ्या, आजी?"

"हृदयाच्या." त्यांनी उशीखालून डबी काढली.

"मग आम्हाला सांगितलं का नाहीत?"

"मला माझं औषध विचारलं, पोरी. ह्या ह्यांच्या आहेत."

चिमणीने डबी हिसकावली नाही. नुसता हात पुढे केला. "मी सांभाळू का?" बऱ्याच वेळाने आजींनी ती दिली.

ठोके मंद करणाऱ्या त्या गोळ्या थांबल्या तशी नाडी हळूहळू सुधारली. यंत्राची गरज उरली नाही. घरी जाईपर्यंत आजींचा सकाळचा चहा चिमणीबरोबर व्हायचा. मोठे डॉक्टर एकदा आले, तशी ती गडबडीने उठली. ते म्हणाले, "बसा, डॉक्टर. बोलणं पुरं होऊ द्या." आणि ते उभे राहून ऐकत राहिले.

पुढे चिमणीची बदली झाली. माझा एक पाय वाकला आणि मला अडगळीच्या खोलीबाहेर ठेवलं. वॉर्डातून खोकला ऐकू येतो, घंटा ऐकू येतात. हसणं ऐकू येत नाही. दिवस जाता जात नाही.

मित्रांनो, माणसांत रमणाऱ्याने डॉक्टर व्हावं का, असं कुणी मला विचारलं, तर मी हो म्हणेन. हुशारी तर हवीच. पण दुखणं सांगायला आधी कुणीतरी जवळ बसलेलं लागतं. तुम्हीही आजारी माणसाला भेटायला गेलात, तर उभ्याउभ्या परतू नका. जरा आजूबाजूला बघा. रिकामं स्टूल जवळच कुठेतरी असतं.